मोघम

दुर्पदा पहिल्यांदा आमच्या दारात आली तेव्हा तिचं तोंड पिठानं पांढरं झालं होतं आणि डाव्या बाजूला त्या पिठाचा रक्तात चिखल झाला होता. दुपारचे बारा वाजले होते. मी ओसरीवर बसून शेंगा निवडत होते.

"बायांना ठिवून घेत्यात ते घर ह्येच का?"

"हेच. आधी बस."

"बसत न्हाई. आधी ह्ये बगा. परत लागंल का?"

तिनं पदराची गाठ सोडली. गाठीत तिचा अर्धा कान होता.

तोवर मी बार्शीत मारहाण झालेल्या बायकांसाठी निवारा चालवायला लागून पंधरा वर्षं झाली होती. भाजलेल्या पाहिल्या होत्या, विळ्यानं केस कापलेल्या पाहिल्या होत्या. स्वतःचा कान पदरात बांधून दोन एसट्या बदलून आलेली बाई मात्र पहिलीच. मी तिला रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. कान लागला नाही. फार वेळ गेला होता.

"एसटीत कुणी काही विचारलं नाही?" मी परतताना विचारलं.

"इचारलं की. म्हनलं, गिरनीत पडले. मंग बसायला जागा दिली."

अक्कलकोटच्या बाजूला एका गावात तिच्या नवऱ्याची, सिद्रामची पिठाची गिरणी होती. दुर्पदाचा बाप जाती-पाटे घडवायचा. तिच्या हातात लहानपणापासून छिन्नी-हातोडा. गिरणीचे दगड काही आठवड्यांनी गुळगुळीत होतात, 'बसतात', मग पीठ जाडं पडतं आणि करपतं. तेव्हा वरचा दगड उतरवून त्याच्यावर छिन्नीनं पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. त्याला टाकी लावणं म्हणतात, आणि ते धड येणारं माणूस आता पंचक्रोशीत सापडत नाही. सिद्रामनं लग्नात हुंडा घेतला नाही. लोक म्हणाले, केवढ्या मोठ्या मनाचा! मोठं मन कसलं डोंबलाचं, त्याला टाकीवाली फुकटात मिळाली होती.

अकरा वर्षं तिनं त्याचे दगड घडवले. त्या दिवशी एका गिऱ्हाइकानं जाडं पीठ परत आणून ओतलं.

"म्या म्हनलं, दगूड उद्या उचलू. कंबर धरली हुती," ती सांगत होती. डॉक्टर टाके घालत होते आणि ती कण्हतसुद्धा नव्हती. "त्यो म्हनला, सांगितल्यालं ऐकू येत न्हाई का तुला? आन् मुंडकं धरून चालू पट्ट्याला लावलं."

पोलिसांत तक्रार झाली. सिद्राम एकोणीस दिवस आत राहिला आणि जामिनावर सुटला. सुटला तो थेट दुर्पदाच्या भावाकडे गेला. ती कुठंय ते भाऊ सांगेना, म्हणून त्याच्या दोन बरगड्या मोडल्या आणि निरोप ठेवला, सापडली की दुसरा कान पण काढून घेतो. निरोप भावानं फोनवर सांगितला तेव्हा दुर्पदा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण भाकरी तव्यावर पडताना दुमडली. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट जिवापाड सांभाळायची होती. दुर्पदा सापडता कामा नये.

आमच्याकडे येणाऱ्या बायका पहिला महिनाभर झोपतात. ही तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "ताई, त्या कोपऱ्यावरच्या गिरनीचा दगूड बसलाय. पिठाच्या वासावरनं कळतंय. मला हातुडा आनून द्या." मी आधी नाही म्हटलं. मग तिचं तोंड बघून आणून दिला. वर्षभरात गावातल्या पाच गिरण्या तिला बोलवायला लागल्या. काम आतल्या खोलीत, डोक्यावरून पदर घट्ट. बाहेरच्याला दिसायचं काही कारण नव्हतं.

आता माझं रडगाणं. निवाऱ्याला मिळणारी जुनी मदत बंद होत आली होती आणि पुण्याच्या एका न्यासानं माझा अर्ज लागोपाठ तीन वर्षं परत पाठवला होता. दरवेळी पहिल्याच पानाच्या समासात लाल शाईत एकच शब्द. मोघम. तिसऱ्या वेळी मी संतापून फोन केला. न्यासाच्या टिपणीस मॅडम फोनवर आल्या. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या, आवाज खडखडीत.

"ढेपेबाई, भांडू नका. या वर्षी तुम्ही अर्ज करू नका. आमच्या छाननी समितीवर या. दरवर्षी आम्ही अर्जदारांतल्या चौघांना बोलावतो. दुसऱ्यांचे अर्ज वाचा, गुण द्या. आपोआप लिहायला शिकाल."

"मला अनुदान पाहिजे मॅडम, शिकवणी नको."

"शिकवणीशिवाय अनुदान मिळत नाहीये ना तीन वर्षं?"

बाई खवचट होत्या, पण खोटं बोलत नव्हत्या. आठ दिवसांनी घरी सव्वीस अर्जांचं गाठोडं येऊन पडलं.

पहिला अर्ज 'महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे' असा सुरू झाला. मला बरं वाटलं, कारण माझाही तसाच सुरू व्हायचा. तिसरा तसाच. पाचवा तसाच. आठव्याला मी त्या भूमीला हात जोडले. पुढं सगळीकडे 'पीडित महिलांना मायेची सावली देण्याचे व्रत' आणि 'समाजातील दुर्लक्षित घटक'. बायका जाळल्या जात होत्या, विहिरीत ढकलल्या जात होत्या, आणि मी चहाचा घोट घेत पानं उलटत होते. मला कंटाळा आला होता. हे लिहायला लाज वाटते, पण आला होता.

एकोणिसाव्या अर्जाला मी चहाचा कप खाली ठेवला. यवतमाळकडच्या एका लहान संस्थेचा अर्ज होता. 'आमच्याकडे आलेल्या सुमनचा (नाव बदलले आहे) उजवा हात तिच्या दिरांनी कडबाकुट्टीत घातला. यंत्र हातानं फिरवायचं होतं. एकानं हात धरला, एकानं चाक फिरवलं. तिसऱ्या फेऱ्याला ती बेशुद्ध पडली, म्हणून कोपर वाचलं.' पुढं सुमन आता डाव्या हातानं काय करते, कुठल्या गावच्या बाजारात बसते, काय विकते, सगळं होतं. मी ते पान दोनदा वाचलं आणि शंभरापैकी एक्क्याण्णव गुण दिले.

पुण्याच्या बैठकीत टिपणीस मॅडमनी तोच अर्ज उचलून धरला. "बघा, ही बाई दिसते. हिचा बाजार दिसतो. वाचणारा दमलेला असतो, त्याला गदागदा हलवायला लागतं." मला एकदम सगळं उमगलं. माझ्या अर्जात काय नव्हतं ते कळलं. माझ्याकडे पदरात बांधलेला कान होता आणि मी मायेची सावली लिहीत बसले होते! त्या दोन दिवसांत मी स्वतःच्या हातानं अकरा अर्जांवर लाल शाईत 'मोघम' लिहिलं. लिहिताना चांगलं वाटत होतं, तेही सांगून टाकते.

बार्शीला परतल्यावर बचतगटाच्या बैठकीत मी कडबाकुट्टीची गोष्ट सांगितली. चांगली रंगवून सांगितली. साठ बायका होत्या, दोघी रडल्या.

पुढच्या वर्षी अर्जाला बसले तेव्हा दुर्पदाला विचारलं, "तुझं लिहू का?"

"लिवून काय हुईल?"

"घर चालू राहील."

"मंग लिवा. नाव तेवडं नगा घालू."

"नाव बदलते की. काय ठेवू?"

ती लाजली. चाळिशीची बाई लाजताना मी पहिल्यांदाच पाहिली. "रेवती," ती म्हणाली. "शाळंत एक पोरगी हुती त्या नावाची. गोरी."

मी लिहिलं, आणि झकास लिहिलं. संतांची भूमी गेली, सावली गेली. 'रेवती (नाव बदलले आहे) आली तेव्हा तिचा अर्धा डावा कान तिच्या पदरात होता. तो नवऱ्यानं गिरणीच्या चालू पट्ट्यावर धरला होता. आज आमच्या शहरातल्या पाच गिरण्यांचे दगड तिच्या छिन्नीवर चालतात. दगडाला टाकी लावणारी आमच्याकडे ती एकटीच बाई आहे.' मला चौऱ्याण्णव गुण मिळाले. टिपणीस मॅडमचा फोन आला, "शिकलात बरं का!" मी पेढे वाटले. दुर्पदानं दोन खाल्ले.

एप्रिल महिना होता. दुपारी दीडच्या सुमाराला मी हरभऱ्याच्या डाळीचा डबा घेऊन तांबोळीचाचांच्या गिरणीत गेले. दुर्पदाचं तिथं काम चालू होतं, तिला जेवायला बोलवायचं होतं. आतल्या खोलीत वरचा दगड उताणा पडला होता आणि ती पोत्यावर मांडी घालून त्याच्यावर ठकठक करत होती. उकाड्यानं पदर खांद्यावर आला होता. चाचा बाहेर तराजूपाशी पेंगत होते.

एक माणूस आत आला. हातात दळणाची पिशवी, म्हणून कुणी अडवलं नाही. त्यानं पिशवी खाली ठेवली, तिच्यात हात घातला आणि कोयता बाहेर काढला.

"दगूड झ्याक घडीवतीस की अजून," तो म्हणाला. "आमचा बसलाय बग दोन वर्सं."

दुर्पदानं वर पाहिलं. ती ओरडली नाही. तिनं हातोडा उचलला, आणि तो पुरता वर जायच्या आधी कोयता खाली आला. हातोडा दगडावर आपटून माझ्या पायाशी आला. त्याच्या दांड्याला तिची तीन बोटं अजून धरून होती. मग बोटं गळून पडली.

दुसरा घाव तिच्या खांद्यात बसला. तिसऱ्यासाठी त्यानं तिचे केस धरून मान वाकडी केली आणि उजवा कान वर आणला. ती डाव्या हातातली छिन्नी त्याच्या मांडीत खुपसत होती. एकदा, दोनदा, खचाखच. तो शिव्या देत होता, पण केस सोडत नव्हता.

मी हिंदी सिनेमातल्या बाईसारखी किंचाळत उभी असेन असं मला स्वतःलाच वाटलं असतं. तसं झालं नाही. तराजूशेजारी पाच किलोचं लोखंडी वजन होतं. ते मी दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या तोंडावर मारलं. जबडा मोडल्याचा आवाज आला. तो गुडघ्यावर बसला, कोयता सुटला. दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती. मी मारलं. तिसऱ्यांदाही मारलं, आणि चाचांनी मागून माझे हात धरले नसते तर चौथ्यांदाही मारलं असतं. सतरा वर्षं मी हिंसा वाईट असते म्हणून भाषणं देत होते. त्या क्षणी मला त्याचं डोकं दगडासारखं फोडायचं होतं.

चाचांनी त्याच्यावर दोन पोती लोटली आणि वर स्वतः बसले. मी दुर्पदाच्या हाताला ओढणी गुंडाळत होते. रक्त पिठात पसरत होतं.

पोत्याखालून सिद्राम हसायला लागला. तोंडातून दात आणि रक्त येत होतं, शब्द नीट फुटत नव्हते, तरी सांगायची हौस होती.

"कागुदात लिवलंय समदं. पाच गिरन्या. तीन दिस हिंडलो. चवथीत घावलीस."

मला आधी काही कळलंच नाही. कसला कागद? चाचांना वाटलं तो बरळतोय. रिक्षा दवाखान्याच्या दारात वळत असताना 'पाच गिरण्या' हे शब्द माझ्या डोक्यात माझ्याच अक्षरात उमटले.

दुसऱ्या दिवशी टिपणीस मॅडमना फोन केला. त्या वर्षीच्या छाननी समितीत कोण कोण होतं? त्यांनी नावं सांगितली. चौथं नाव बगाडे सर, अक्कलकोटच्या बाजूला बालवाड्या चालवणारे, निवृत्त मुख्याध्यापक. सज्जन माणूस. मी त्यांना फोन लावला तेव्हा शिव्यांची माळ ओठांवर तयार होती.

"हो ताई, मी वाचला तुमचा अर्ज," ते आनंदून म्हणाले. "काय लिहिलंत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आठ मार्चला आमच्याकडे महिला मेळावा होता, तिथं मी वाचून दाखवला. दोनशे बायका होत्या."

"कुठल्या गावच्या बायका?"

त्यांनी पाच-सहा गावं सांगितली. त्यात सिद्रामचं गाव होतं. त्याची बहीण तिथंच दिलेली होती.

"शहर कुठलं ते सांगितलंत?"

"हो म्हणजे, संस्थेचं कौतुक करायला नको? बार्शीच्या मंदाताई ढेपे म्हणून सांगितलं. पण त्या बाईचं नाव नाही घेतलं हो मी. तुम्ही कंसात लिहिलंच होतं, नाव बदललेलं म्हणून. का? काय झालं?"

काय झालं ते मी सांगितलं. पलीकडे म्हातारा माणूस रडायला लागला. मला त्याला एकही शिवी देता आली नाही. बचतगटाच्या साठ बायकांपुढं मी कडबाकुट्टी रंगवून सांगितली होती, ते काय वेगळं होतं? साठांतल्या कुणाचं माहेर कुठं, कुणाची नणंद कुठं दिलेली, मी विचारलं होतं? मी यवतमाळच्या त्या संस्थेचा नंबर शोधून फोन केला. त्यांची सुमन कशी आहे, एवढंच विचारलं. तिकडच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण? तुम्हाला ती कशी माहीत?" मी सांगायच्या आत त्यांनी फोन ठेवला. त्यांचं बरोबर होतं.

चौथ्या दिवशी दुर्पदा बोलण्याइतकी शुद्धीवर होती. हाताचा भला मोठा पांढरा गोळा झाला होता. मी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, रडायचं पण नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

ती छताकडे बघत होती. "वाचून दावा की," ती म्हणाली. "काय लिवलं हुतं ते."

"नको दुर्पदा."

"दोनशे बायांनी ऐकलं. म्याच ऐकलं न्हाई."

मी पिशवीतून अर्ज काढला आणि वाचला. वाचताना माझ्या लक्षात आलं की आवाज नकळत भाषणाचा लागतोय. मी तो खाली आणला. ती डोळे मिटून ऐकत होती. कानाचं आलं, पट्ट्याचं आलं, छिन्नी आली. शेवटच्या वाक्याला तिनं डोळे उघडले.

"ग्वाड लिवलंय," ती म्हणाली. "पर ताई, तुमी नाव बदललंत. आन् त्या गावात माझं नाव ठावं हुतंच कुनाला? अकरा वर्सांत एकानं दुर्पदा म्हनून हाक मारली न्हाई. समदी मला टाकीवाली म्हनायची. नवरा बी."

मी कागदाची घडी घातली. बदललं होतं ते नेमकं एकच, जे तिथं कुणालाच माहीत नव्हतं.

"हाक मारायची तर समद्यांनी ते टाकीचंच धरलं," ती म्हणाली, "आन् तुमी बी तेवडंच ठिवलंत." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

सिद्रामला सात वर्षांची सजा झाली. मी मारलेल्या लोखंडी वजनाबद्दल कोर्टानं मला फारसं विचारलं नाही, चाचांनी साक्ष चोख दिली. दुर्पदाच्या हातात हातोडा पुन्हा बसला नाही. चाचांच्या गिरणीत यंत्रावर घडवलेले दगड आले. ती अजून माझ्याकडेच असते. पिठाचा वास घेऊन कुठला दगड बसलाय ते सांगते, आणि सांगून झाल्यावर हात पदराखाली घेते.

या सगळ्याला चौदा वर्षं झाली. पहिलं अनुदान संपलं तेव्हा मी न्यासाकडे पुन्हा अर्ज केला होता. 'आमच्याकडे वर्षभरात एकोणचाळीस महिला आल्या. त्या सुखरूप आहेत.' एवढंच लिहिलं. कान नाही, बाजार नाही, गिरण्या नाहीत. 'एखादे उदाहरण द्या' या रकान्यात आडवी रेघ मारली. अर्ज महिन्याभरात परत आला. घर तेव्हापासून रडतखडत चाललंय, पण चाललंय.

अर्ज परत आला त्या दिवशी पाकीट दुर्पदानंच उघडलं. तिला जोडाक्षरं जड जातात, पण लाल शाईतला शब्द सोपा होता.

"मो-घ-म," तिनं वाचलं. "म्हंजी काय वं ताई?"

मी म्हटलं, "म्हणजे, हे वाचून कुणाला कुणी सापडणार नाही."

तिनं कागद नीट घडी करून उरलेल्या दोन बोटांत धरला.

"मंग बरंय की," ती म्हणाली, आणि तो देवघरातल्या फोटोमागं खोचून ठेवला.